एका तोंडाची हरकत

नाव : श्री. धावजी भिका राठोड. वय : चौसष्ट. राहणार : हरसिंग तांडा, प्रभाग क्रमांक चौदा, कोसदरा नगरपंचायत, जिल्हा यवतमाळ. व्यवसाय : शेती, कोरडवाहू. शिक्षण : सही येते. मौजे कोसदरा येथील गट क्रमांक अठ्ठ्याऐंशी ही जमीन हरित पट्ट्यातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट करण्याच्या प्रस्तावास हरकत घेणारे. हरकतदार क्रमांक एक. एकूण हरकतदार एक. सुनावणीस हजर. म्हणणे ऐकून घेतले.

या नोंदीत खोटं काही नाही. म्हणणं खरोखरच ऐकून घेतलं होतं. मुख्याधिकारी साहेबांनी पंखा धावजीच्या बाजूला वळवला होता आणि चहासुद्धा पाजला होता. नोंदीत एक गोष्ट तेवढी राहून गेली. धावजी हा हरसिंग तांड्याचा नायक होता, आणि त्याच्या एका सहीच्या मागे तांड्यातली दीडशे घरं उभी होती. पण ती मागे उभी होती, कागदावर नव्हती. कागदाला मागचं दिसत नाही.

गट अठ्ठ्याऐंशी म्हणजे तांड्याच्या उगवतीकडचा उतार. ई-क्लासची जमीन, म्हणजे कधीकाळी गुरं चारायला सरकारनं सोडलेली. मुरूम, तरोटा, चार हिवराची झाडं. हमरस्त्यावरून आर्णीकडे जाणाऱ्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही, आणि नगरपंचायतीलाही दिसलं नाही, यात तिचा दोष काढता येणार नाही. तांड्याची रीत अशी की लग्न झालेला माणूस मेला तर त्याला नाल्याकाठी जाळायचं, आणि बिनलग्नाचा मेला तर या उतारावर पुरायचं. का, असं विचारलं तर म्हातारी माणसं सांगत, ज्यानं आपली चूल मांडली नाही त्याला आपली आगही नाही. पुरल्यावर वर एक दगड ठेवायचा आणि कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून बाभळीची फांदी. चौथरा नाही, नाव नाही. दोन-तीन पावसाळ्यांत दगड मातीत बसतो, फांदी कुजते, आणि उतार पुन्हा उतारासारखा दिसायला लागतो. तांड्याला यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्याचं त्याला ठाऊक असतं कुठे कोण आहे ते.

धावजीला ठाऊक होतं. दुसऱ्या हिवराच्या बुडाशी, खालच्या अंगाला, त्याची अंजू होती. नऊ वर्षांची असताना मण्यार चावली. आर्णीच्या दवाखान्यापर्यंत जीप पोचली, अंजू पोचली नाही. या गोष्टीला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. धावजी त्या उतारावरून रोज शेतात जायचा आणि दुसऱ्या हिवरापाशी कधी थांबायचा नाही. बायको मानीबाई मात्र दिवाळीला तिथे गुळाचा खडा ठेवून यायची. दोघं या विषयावर बोलत नसत.

त्या उतारावर पूर्वीही एकदा डोळा गेला होता. कोसदरा तेव्हा ग्रामपंचायत होती, आणि एका खडीवाल्याला तिथे क्रशर टाकायचा होता. सरपंचाची हरकत नव्हती. सरपंचाच्या दारात नवी गाडी उभी होती. पण ठराव ग्रामसभेपुढे ठेवावा लागला. तांडा बायकापोरांसह शाळेच्या मैदानात जाऊन बसला, धावजी उठून म्हणाला की नाही, आणि मागे सगळ्यांनी हात वर केले. सरपंचानं हात मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. क्रशर दुसऱ्या तालुक्यात गेला. एवढ्यावरून तांड्यानं असा समज करून घेतला की नायकानं नाही म्हटलं की नाही होतं. हात कशासाठी वर केले होते, हे हळूहळू विसरायला झालं.

पुढे कोसदऱ्याची नगरपंचायत झाली. त्या दिवशी तांड्यात डफ वाजला. नळ येणार होता, रस्त्यावर दिवे येणार होते, आणि दोन्ही आले, हेही लिहिलं पाहिजे. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते, एवढं मात्र कुणी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. नगरपंचायतीत मतदार पाच वर्षांतून एकदा बोलतो. मधल्या काळात त्याच्या वतीनं बोललं जातं.

प्रभाग चौदाच्या वतीनं उर्वशी बोलायची. उर्वशी जाधव, तांड्याचीच सून, डी.एड. झालेली, नोकरी न लागलेली. बाईसाठी राखीव झालेल्या जागेवर तिला उभं करायचं हे नसाबीतच ठरलं होतं. नसाब म्हणजे तांड्याची बैठक, सेवालाल महाराजांच्या ठाण्यासमोर भरणारी. नायकानं नाव घेतलं आणि तांड्यानं एकगठ्ठा मतं टाकली. ती काम करणारी होती. रेशनकार्डं, निराधार पगार, दाखले, सगळ्यासाठी स्वतः स्कुटी घेऊन धावायची. त्यामुळे गट अठ्ठ्याऐंशीवर व्यापारी संकुल बांधायचा ठराव सर्वसाधारण सभेत एकमतानं मंजूर झाला आणि त्या एकमतात एक मत उर्वशीचं होतं, हे कळल्यावर धावजीला आधी ते खोटंच वाटलं. मग तो तिच्या घरी गेला.

तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, डोक्यावर पदर घेतला आणि काही लपवलं नाही. म्हणाली, नगरपंचायतीला उत्पन्न नाही. सफाई कामगारांचा पगार चार-चार महिने थकतो. हमरस्त्याला लागून दुसरी सरकारी जागा नाही. चाळीस गाळे निघतील, त्यातले काही तांड्याच्या पोरांना मिळतील असं ती बघेल.

"तांड्याले विचारलं काहून नाई?" धावजी म्हणाला.

"काका, तांड्यानंच तं मले निवडून देलं. आता दर ठरावाले का मतदान घेऊ? मंग नगरसेवक कायले पायजे?"

"निवडून देलं म्हंजे तुह्या हाती नळाची चावी देली. मसनाची नाई देली."

उर्वशी हळूच म्हणाली, "आराखड्यात मसन लिहेलच नाई, काका. मी पाह्यलं. हिरवा रंग हाये नुसता. मी सभेत काय दाखवू? सतरात मी एक. मी नाई म्हटलं असतं तरी झालंच असतं, अन् वरून पाण्याच्या टाकीचा पैसा दुसऱ्या प्रभागात गेला असता."

हे सगळं खरं होतं, आणि हीच त्यातली अडचण होती. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. धावजी पाणी न पिता उठला, मग ते अपमानाचं दिसेल म्हणून परत बसला, पाणी प्याला आणि गेला.

जाताना उर्वशीनंच त्याला वाट सांगितली. ठराव झाला तरी जमिनीचा विभाग बदलायला कायद्यानं पेपरात नोटीस द्यावी लागते, लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते, आणि मग सगळं सरकारकडे जातं. महिनाभराची मुदत असते. लोकांचा विरोध दिसला तर वर विचार होतो. ती म्हणाली, मी उघड काही करू शकत नाही, पण तुम्ही हरकत द्या.

म्हणजे मतदाराला बोलायची एक जागा अजून शिल्लक होती. ती कोसदऱ्यात नगरपंचायतीच्या समोरच होती. जलालच्या झेरॉक्सच्या दुकानात.

जलाल पूर्वी मोटरसायकली दुरुस्त करायचा. पाठीचं दुखणं लागल्यावर त्यानं मशीन बदललं. अर्ज लिहून देणं, फोटो काढणं, ऑनलाइन भरणं, सगळं करायचा. धावजीचा बाप आणि जलालचा बाप एका बैलबाजारात बसणारे, त्यामुळे तो धावजीला चाचा म्हणायचा. त्यानं हरकतीचा मजकूर लिहिला, वाचून दाखवला, आणि मग म्हणाला, "चाचा, कितनी कॉपी काढू?"

"एक. अन् एक माह्याजवळ ठेवाले."

जलालनं मान हलवली. "एकानं काम नाई होत. घरटी एक अर्ज द्या, आधार कार्ड जोडून. उधर से तं गठ्ठे येऊन राह्यले." आणि त्यानं कुणाचं नाव न घेता सांगितलं की संकुलाच्या बाजूचे अर्ज याच मशीनवर निघाले होते. मजकूर एकच, खाली सही वेगळी. छापणारा आपणच आहे हे सांगताना त्याला लाज वाटली असावी, कारण त्यानं धावजीकडून झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. "मी धंदेवाला मानूस, चाचा. जो पैसा देईल त्याचा कागद काढतो. पण तुमचाही काढतो ना. काढू दीडशे?"

धावजी म्हणाला, नसाबीत विचारतो.

त्यानं विचारलं, हे खरं. पण नसाबीत प्रश्न कसा विचारला जातो हे नायकाच्या आवाजावर असतं. ठाण्यासमोर सगळे बसले. बायका मागे, कडेनं. सुनील, जो तांड्याचा कारभारी, म्हणजे नायकाच्या खालोखालचा माणूस, त्यानं विषय मांडला. नेमसिंग उठला. नेमसिंगचं आणि धावजीचं जुनं वाकडं, बांधावरून. तो म्हणाला की जलाल म्हणतो ते करावं, घरटी एक कागद द्यावा, त्यात काय जातं.

काय जातं ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तांड्याचा माणूस बाहेर वेगळ्या तोंडानं बोलतो तो फक्त तांडा फुटल्यावर. आजवर कचेरीत, पोलिसात, लग्नाच्या बोलणीत, दुसऱ्या तांड्याशी भांडणात, एकच तोंड गेलं होतं. एकच गोष्ट दीडशे माणसांनी दीडशेदा सांगायची, म्हणजे पहिल्या माणसाच्या सांगण्यावर कुणाचा भरवसा नव्हता असं झालं. धावजीला यात आपला अपमान दिसला, आणि खरं सांगायचं तर सुचवणारा नेमसिंग होता म्हणून तो जरा मोठा दिसला.

"मी मेलो का?" धावजी म्हणाला. "नायक हाये अजून. एकेकानं कागद घेऊन कचेरीपुढे रांग लावली तं कोर लोक म्हनतीन, यायच्यात नायकच नाई राह्यला."

कोर म्हणजे तांड्याबाहेरचे. त्यांच्यासमोर शोभा नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. नेमसिंगनंही मान डोलावली. नसाबीत ठरलं की ठरलं. ही नगरपंचायतीच्या एकमतासारखी गोष्ट नव्हती. इथे खरोखरच सगळ्यांना तेच वाटत होतं.

हरकत दाखल झाली. पोच मिळाली. धावजीनं ती पिशवीत घालून घराच्या आड्याला टांगली आणि मानीबाईला सांगितलं की झालं काम.

सुनावणीच्या दिवशी तांडा ट्रॅक्टरमधून कोसदऱ्याला गेला. धावजीनं पांढरा फेटा बांधला होता. शिपायानं दारात सांगितलं की ज्यानं हरकत दिली तोच आत जाईल. बाकीचे पिंपळाखाली बसले. आत मुख्याधिकारी होते, तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, कोसदऱ्यात वर्षभरापूर्वी आलेले. त्यांच्या एका बाजूला एक जाड गठ्ठा होता आणि दुसऱ्या बाजूला एक कागद.

त्यांनी नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. प्रस्तावाच्या बाजूनं दोनशे अकरा अर्ज. विरोधात एक.

"एक नाई सायेब," धावजी म्हणाला. "तो तांड्याचा हाये. पूर्ण तांड्याचा."

"सही कुणाची आहे?"

"माही."

"मग एकच होतो ना, काका. बाकीच्यांनी का नाही दिले?"

धावजीनं सांगायचा प्रयत्न केला. नायक म्हणजे काय, नसाब म्हणजे काय, तांडा एका तोंडानं का बोलतो. साहेबांनी मधे टोकलं नाही. एकदोनदा त्यांनी लिहूनही घेतलं. ऐकून घेणारा माणूस समोर असला की बोलणाऱ्याला वाटतं आपलं पोचतंय, धावजीलाही वाटलं. तो म्हणाला की साहेब, बाहेर पिंपळाखाली सगळे बसलेत, तुम्ही फक्त खिडकीतून बघा. साहेबांनी उठून खिडकीतून पाहिलं. परत बसले.

"दिसतायत मला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज वाईट नव्हता. "पण मुदत संपली. आज मी त्यांना मोजू शकत नाही. आणि काका, निवडून आलेल्या सभेचा ठराव आहे. तुमच्या प्रभागाच्या सदस्यांनीही हात वर केलाय. उद्या मी म्हटलं की ठराव असू दे, पिंपळाखाली किती बसलेत ते बघून ठरवू, तर पुढच्या वेळी दुसरं कुणी जास्त ट्रॅक्टर आणील."

धावजीनं पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं.

मग साहेबांनी विचारलं की तिथे दफन आहे म्हणता, तर काही खूण आहे का. स्थळ पाहणी झाली होती; पाहणीत जागा रिकामी आढळली होती. सातबाऱ्यावर पड. मृत्यूच्या नोंदीत दफनाची जागा लिहिलेली नव्हती. "निदान एक उदाहरण सांगा. कोण, कधी, नेमकं कुठे. मी लिहून घेतो. वर पाठवताना त्याचा उपयोग होईल."

धावजीनं बाजूला ठेवलेल्या आपल्या एका कागदाकडे पाहिलं. तांड्याच्या वतीनं उभा असलेला नायक आपल्या घरचं बोलत नाही. ही रीत त्याच्या बापानं पाळली होती, त्याच्या बापाच्या बापानं पाळली होती. आपलं दुःख पुढे केलं की पंचाईत आपली होते, तांड्याची राहत नाही. दुसऱ्याच्या घरचं नाव त्याला न विचारता घेणं त्याहून वाईट. शेवटी तो म्हणाला, "सगयेच हायेत सायेब. एकाचं काय सांगू?"

साहेबांनी लिहिलं : हरकतदार विशिष्ट तपशील देऊ शकले नाहीत.

तांड्यात परत आल्यावर कुणी धावजीला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. नेमसिंगनं तर त्याच्यासाठी चहा सांगितला. फक्त जाता जाता म्हणाला, "तुमची काही चुकी नाई, नायक. आमाले तोंड होतं, आमीच झाकलं." हे बोलणं समजुतीचं होतं की टोमणा, हे धावजीला कळलं नाही, आणि तो विचारायला गेला नाही.

मानीबाईनं भाकरी वाढली. तो जेवल्यावर भांडी उचलताना तिनं विचारलं, "अंजूचं नाव घेतलं का तिथं?"

"नाई."

"त्यायनं विचारलं होतं का?"

धावजीला खोटं बोलता आलं असतं. "विचारलं होतं."

ती भांडी घेऊन बाहेर गेली. घासायचा आवाज आला नाही. तो बाहेर गेला तेव्हा ती मोरीपाशी नुसती बसली होती, आणि नळ चालू होता. नगरपंचायतीचा नळ. त्यानं तो बंद केला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, कापूस वेचायला बरोबर जायची; पण अंजूचं नाव जे त्या दिवशी घेतलं ते शेवटचं. दिवाळी आली तेव्हा ती गूळ घेऊन निघाली नाही. धावजीनं वाट बघितली. मग स्वतःच उतारावर गेला, आणि पहिल्यांदाच दुसऱ्या हिवरापाशी उभा राहिला, आणि तिथून कुठे बघायचं हे त्याला नीट आठवेना. खालच्या अंगाला, एवढंच आठवत होतं. खालच्या अंगाला सगळा सारखाच मुरूम होता.

फेरबदलाला मंजुरी आली. हरित पट्टा वाणिज्य झाला. यासाठी जमिनीला काहीच करावं लागत नाही. नकाशावर रंग बदलतात. त्याच आठवड्यात धावजीनं नसाब बोलावली आणि नायकपण सोडतो म्हणाला. तांड्यानं ऐकलं नाही. नायकपण मरेपर्यंत असतं, ते सोडायची रीत नाही. म्हणजे आता सगळ्यांना माहीत होतं की त्याच्या शब्दाला बाहेर काही किंमत नाही, आणि तरी तोच बोलणार होता.

जेसीबी आला तेव्हा तांड्यातली काही माणसं उतारावर जाऊन उभी राहिली. हाडं निघाली तर काम थांबवू असं ठरलं होतं. उर्वशीही आली होती, आणि ती म्हणाली की तसं काही निघालं तर मी स्वतः मशीनसमोर बसेन. ती बसली असती. पण मुरमात पाणी झिरपतं, आणि लेकरांची हाडं नाजूक असतात. दिवसभर खोदून एक चांदीचा वाळा निघाला, आणि तो कुणाचा यावर दोन घरांत शब्द झाले. तो अंजूचा नव्हता. तिला वाळे नव्हते. संध्याकाळी सगळे घरी गेले. उर्वशी सगळ्यांत शेवटी गेली. पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही.

तांड्याचा विचार करून नगरपंचायतीनं एक पत्र दिलं. फेरबदलामुळे कोणाचीही गैरसोय होणार नाही. कोसदऱ्यातील मोक्षधाम प्रभाग चौदाच्या रहिवाशांस खुले असून तेथे शेड, पाणी व लाकूड यांची सर्व व्यवस्था आहे. शववाहिनी मोफत. पत्रावर मुख्याधिकाऱ्यांची सही होती. सुनीलनं ते नसाबीत वाचून दाखवलं.

आषाढात सुनीलचा मोठा मुलगा ओम कळंबहून येताना ट्रकखाली गेला. शववाहिनी वेळेवर आली, पैसे घेतले नाहीत. मोक्षधामाच्या चौकीदारानं सांगितलं की पुरायची सोय इथे फक्त तीन वर्षांखालच्या लेकरांची आहे. ओम बावीसचा होता. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. त्याला जाळलं.